तिसरा नंबर

तिवसा
किंक्रांतीचा दिवस

चि. रागिणीले सत्यवतीचा आशीर्वाद.

फोन तू उचलत नाई. माहा नंबर तुनं मोबाईलात बंद करून ठेवला हाये हे मले समजलं. पण पोस्टमनले कोणी ब्लॉक करू शकत नाई बाई, म्हणून हे पत्र. माहं अक्षर गचाळ हाये, सातवीनंतर पेन हातात धरला तो सह्या कराले. राग असंन तर वाचून शिलाई मशीनच्या ड्रावरात फेकून दे. पण वाच.

काल संक्रांतीले तुही प्रणाली इथं आलती. भिऊ नको, धडधाकट हाये, उलिशी वाळली. तिळाच्या पोळ्या खाल्ल्या, आणखी मागून घेतल्या. अन् तिनं जे काम करून ठेवलं त्याच्यासाठी मले तुहे आभार मानाचे हायेत. पोरीले तिच्या तोंडावर कोण चढवून ठेवते? म्हणून तुले लिहून राहिली.

दिवाळीत तू तिले म्हणलं, "शिडीवर चढशीन तर माह्या घराची पायरी चढू नको." आता पोरगी तुहीच. तिनं ते खरं धरलं अन् अमरावतीले मैत्रिणीसंग खोली करून राहिली. मी मंधात बोलली, की पोरीनं आयटीआय केलं, इमानानं काम करते, काहून तोडतं तिले? तर तुनं मलेबी तिच्याच गाठोड्यात बांधून बाहेर ठेवलं. बरं, ठेव.

तुहं दुखणं मले समजत नाई असं समजू नको. प्रणालीचे बाबा, आपले गजेंद्रभाऊ, त्या बंगल्याच्या वायरिंगवर शिडीवरून पडून गेले तवा खाली शिडी धराले कोणी नोतं. तू प्रणालीले पोटाशी घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात राहिली, दुसऱ्यायचे ब्लाउज शिवून तिले मोठं केलं, अन् आता तेच पकड-टेस्टर घेऊन तेच पोरगी शिडीवर. माय भिणार नाई तर काय? मीबी भेली असती. तरी काल मी काय पाह्यलं ते ऐकून घे.

यंदा तुह्या भासऱ्यानं कापूस विकला नाई. माहा नवरा हाये म्हणून सांगते, असा हट्टी माणूस अख्ख्या तालुक्यात नसंन. "भाव वाढंल, थांब." दिवाळीपासून तेच चालू हाये. माजघर अन् त्याच्या बाजूची खोली, दोन्ही कापसानं छाताले टेकत आल्या. अंगाले खाज सुटते, भाजीत कापसाच्या तंतूची भुरी पडते. अन् आपले मामाजी त्याच कापसापाशी खाट टाकून राखण करतात. सासरा झाला म्हणून काय झालं, खरं ते सांगन. राखण करता करता बिडी वढतात. मागच्या साली शेजारच्या गावात एकाच्या घरातला कापूस असाच पेटला, घराच्या फक्त भिंती राहिल्या. तवापासून राती उठून उठून मी त्या खाटेपाशी पाहून येते. मी हे प्रणालीपाशी बोलली, अन् पोरगी सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन हजर.

तिची कंपनी कापसाच्या जिनिंगात, गोदामात धुराचे सेन्सर बसवते. दिसाले काई नाई, पांढरी वाटी छाताले उपडी चिकटवल्यासारखी. संग एक डबा भिंतीवर, त्याच्यात मोबाईलसारखं सिम. धूर झाला की वाटीले समजते, वाटी डब्याले सांगते, डबा कंपनीच्या कंट्रोल रूमले सांगते, अन् तिथून माणूस फोन लावते. लाईन गेली तरी चालते, आत बॅटरी हाये. तुहे भासरे म्हणे, "कापसाले पहारेकरी म्हणून आमचे बाबा बसेल हायेत नं." मी म्हणलं, "त्या पहारेकऱ्यावरच पहारा पायजे."

पोरीनं शिडी लावली, पयल्या पायरीवर पाय ठेवला अन् थांबली. "शिडी कोण धरते? धरल्याबिगर मी चढत नाई, नेम हाये माहा." तुहे भासरे पुढं झाले. एका हातानं शिडी धरली अन् दुसऱ्या हातात मोबाईल, कापसाचा भाव पाहून राहिले! मी म्हणलं, "सरका तिकडं, द्या इकडं शिडी." मंग मी धरली.

पंख्यापासून दूर, भिंतीपासून दूर, ढीग जिथं उतरता होता तिथं, कापसावर हातभर मोकळी जागा सोडून तिनं ते वाटी बसवली. त्याच्यावरचं पिवळं झाकण काढलं. मंग कंट्रोल रूमले फोन लावून म्हणे, "तिवस्याची साईट टेस्टवर टाका." तसं सांगतलं नाई तर ते लोकं खरी आग समजून बंब पाठवतात म्हणे. मंग काठीच्या टोकाले सेंटच्या बाटलीसारखा डबा लावला अन् वाटीत फुस्स करून धूर सोडला. मायबाई! असा भोंगा वाजला की छपरावरचे पारवे उडाले, गोठ्यातली गाय दावं तोडाले लागली, माह्या हातून शिडी सुटता सुटता राहिली.

अन् मामाजी? त्या भोंग्याच्या खाली बसून संत्रं सोलत होते. मानबी वर केली नाई.

तुले माईत हाये नं, तू इथं होती तवा त्यायले एका कानानं तरी ऐकू येत होतं. आता दोन्ही गेले. प्रणाली शिडीवरून उतरली, आजोबाकडं पाहत उभी राहिली. मले म्हणे, "मोठ्याई, आबाले ऐकूच येत नाई तर भोंग्याचं काय करू? फोन लागलेच पायजे." मंग कंट्रोल रूमच्या पोरीले, दामिनी नाव हाये तिचं, तिनं तीन नंबर देल्ले. पयला माहा. दुसरा प्रणालीचा सोताचा. तिसऱ्यासाठी दामिनी म्हणे, "असा माणूस द्या जो कधीही फोन उचलतो, अनोळखी नंबर असला तरी." पोरीनं विचार केला नाई, मोबाईलात पाह्यलं नाई, धडाधडा नंबर सांगतला. तोंडपाठ.

कोणाचा ते मी लिहीत नाई. लिहिलं तर तू कंपनीचाबी नंबर बंद करून टाकशीन.

माहा नंबर टेस्ट झाला, तिचा झाला. तिसऱ्याची पाळी आली तर पोरगी म्हणे, "तो राहू द्या आता." अन् सामान आवराले लागली.

एवढी हुशार, एवढी सांभाळून काम करणारी पोरगी तुनं एकटीनं घडवली. आमच्या घरात तिच्या हातानं काल रक्षण आलं. म्हणून आभार. तिळगूळ पोस्टात चुरा होते, म्हणून पाठवला नाई. तरी गोड बोल. माह्याशी नको, तिच्याशी.

तुही
सत्यवतीबाई


तिवसा
महाशिवरात्र झाल्यावर

रागिणी,

माहं पत्र वापस आलं नाई, म्हणजे पोचलं. जबाब आला नाई, म्हणजे तू अजून तशीच हाये. मीबी तशीच हाये, लिहीतच राहीन.

तुह्या भासऱ्याचा पराक्रम सांगते, हसाले काई तरी पायजे.

तू तर या घरात राहिली हाये. फ्रीज आणला तवाचं प्लास्टिक त्याच्या दारावर अजून हाये. टीव्हीचा रिमोट पन्नीत. ट्रॅक्टरच्या सीटची पन्नी फाटून लोंबते, पण काढू देत नाईत. "नवी वस्तू हाये, जपाव लागते." तर झालं असं, की सेन्सर बसवल्यावर शेवटच्या वेच्याचा कापूस घरात आला. बंडीतून टाकताना भुरीच भुरी, अन् भोंगा वाजला. दामिनीचा फोन आला, मी म्हणलं धूर नाई बाई, कापूस हाये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गल्लीतले लोकं गोळा झाले, माणिकबाई पाण्याची बादली घेऊन धावत आली अन् तुह्या भासऱ्याच्याच आंगावर वतली. मले तर लय हसू आलं, त्यायले नाई आलं.

त्याच्यानंतर भोंगा एकदम चूप. मले वाटलं, वाटीले आता कापसाची सवय झाली असंन.

परवा प्रणाली आली. दर महिन्याले टेस्ट कराव लागते म्हणे. आल्या आल्या कंट्रोलले फोन, टेस्टवर टाका, मी शिडी धरली, ते वर चढली, काठीनं धूर सोडला. काईच नाई. आणखी सोडला. चूप. मी मनात म्हणलं, गेलं बिघडून. पोरगी मान वाकडी करून पाहे अन् मंग वरूनच म्हणे, "मोठेबाबा, हे झाकण कोणी लावलं?"

ते पिवळं झाकण! जे तिनं बसवताना काढून ठेवलं होतं, ते यायनं जपून ठेवलं होतं अन् गुपचूप शिडीवर चढून वापस लावून देल्लं. "नवी वस्तू हाये बाई, भुरी बसून खराब झाली असती."

मले वाटलं पोरगी आता चिडते. मी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. ते शांत उतरली, त्यायच्यापुढं उभी राहिली अन् म्हणे, "मोठेबाबा, तोंड-नाक पन्नीत बांधून तुमाले वास येईन का?" हा माणूस खाली पाहून म्हणे, "नाई येनार." "मंग त्याले कसा येईन?" माह्या लग्नाले इतके वर्षं झाले, एवढ्या कमी शब्दात या माणसाले चूप करता मले कवा जमलं नाई. पोरीनं ब्रशनं वाटी साफ केली, दारातून भुरी उडते म्हणून तिले आतल्या बाजूले सरकवली, पुन्हा टेस्ट केली. वाजला भोंगा. झाकण तिनं सोताच्या पिशवीत टाकलं. हे म्हणे, "फेकू नको वं, ठेव." काय बोलावं?

आता तुले एक सांगते. तिले कंपनीचा खाकी शर्ट हाये, खांद्यात ढगळ. बाह्या तिनं सोताच्या हातानं आत घेतल्या. अशे टाके की गोणपाट शिवणारा लाजंल. मी म्हणलं, "तुही माय अख्ख्या जुन्या शहराचे ब्लाउज शिवते अन् तुह्या आंगात हे?" तर बाही खाली वढून घेतली. मंग भांडे घासता घासता, माह्याकडं न पाहता विचारते, "आईचे डोळे कशे हायेत? सुई ओवता येते का तिले?" मी काय सांगू? मले तरी कोण बोलून राहिलं?

तुले दोन ओळी लिहाव वाटल्या तर लिही. मले नको, तिचा पत्ता मागं लिहिला हाये.

मामाजी आशीर्वाद सांगतात. बिडी सोडली म्हणतात. मले खरं वाटत नाई.

सत्यवतीबाई


तिवसा
होळीनंतरचा शुक्रवार

माहे रागिणी,

मी तुह्यापेक्षा मोठी हाये, म्हणून पाया पडता येत नाई. नाईतर अकोल्याची बस धरली असती अन् तुह्या दुकानात गिऱ्हाइकायसमोर पडली असती. परवा तुनं आमचं काय राखलं ते तुले अजून पुरतं माईत नाई. तू फोन उचलला, तुले जे सुचलं ते केलं, अन् शेजारच्या डोमाजीनं "मामाजी बाहेर हायेत" म्हणल्यावर तुनं फोन ठेवून देल्ला. पुढचं-मागचं मी सांगते.

आम्ही दोघं वावरात होतो, हरभरा सोंगून राहिलो होतो. माहा मोबाईल पिशवीत, पिशवी बाभळीले टांगेल, अन् आपल्या त्या वावरात टॉवर कवाच येत नाई. घरी मामाजी एकटे. बकऱ्या घुसून कापसात लोळतात म्हणून ते दुपारी पुढचं कवाड आतून लावून घेतात. कवाड लावलं, खाटेवर बसले, अन् बिडी पेटवली. सोडली होती नं!

तितक्यात माणिकबाईनं खिडकीतून डोकावून पाह्यलं, घरात कोण हाये म्हणून. मामाजीले नुसती लुगड्याची सावली दिसली. त्यायले वाटलं मीच आली वावरातून. माह्या भेवानं त्यायनं ते जळती बिडी हातासरशी मागं खुपसली. मागं काय होतं? कापूस! सून वापस जाते का पाहाले म्हणून डोळे मिटून आडवे झाले, अन् खरंच डोळा लागला. हे त्यायनं सोताच सांगतलं. लहान लेकरासारखं रडत सांगतलं, म्हणून मी काईच बोलली नाई.

कापूस भडकन पेटत नाई. आतल्या आत धुपत राहते. जाळ दिसाच्या गंज आधी त्या वाटीले धूर समजला. भोंगा वाजला. मामाजीले ऐकू येत नाई. शेजारी डोमाजीची चक्की चालू, तिच्या घरघरीत त्याले ऐकू येत नाई. बाकी गल्ली वावरात. माणिकबाई तवापर्यंत बाजारात गेलती.

दामिनीनं मले फोन लावला, लागला नाई. प्रणालीले लावला. ते बडनेऱ्याच्या एका गोदामात काम करून राहिली होती, तिथं मोबाईल गेटावर जमा करून घेतात.

मंग तिसरा नंबर. आता लपवाचं काय राहिलं? तिसरा तुहाच होता. संक्रांतीले पोरीनं धडाधडा सांगतला तो तुहाच. मंग मी तिले विचारलं होतं, "तुह्याशी बोलत नाई ते अन् तिचाच नंबर काहून?" तर म्हणे, "मोठ्याई, आई माह्यावर रागावली हाये, पण फोन वाजला अन् तिनं उचलला नाई असं कवा झालंच नाई. गिऱ्हाइकाचा असो का कोणाचा असो."

दामिनीनं मले सगळं सांगतलं. म्हणे, अर्धी घंटी वाजली अन् उचलला. मशीनचा आवाज येऊन राहिला होता, तो बंद झाला. ते म्हणाली तिवस्याच्या घरात धूर दाखवते, तुम्ही त्या घरच्या कोण? तर तू म्हणे, "मी त्या घरची लहान सून."

रागिणी, हे मी दामिनीले पुन्हा एकदा म्हणाले लावलं. आणखी काई लिहीत नाई त्याच्यावर.

दामिनीनं बंब बोलावला, पण बंब येईपर्यंत काय? तुनं डोमाजीले फोन लावला. त्याचा नंबर तुह्या मोबाईलात अजून हाये हेच मले नवल वाटलं. चक्कीच्या आवाजात घंटी ऐकू नाई गेली, पण खिशात मोबाईल थरथरला म्हणून त्यानं उचलला. तो सांगतो, "वहिनी असी वरडली की मी पीठ सांडलं." तू त्याले म्हणे, "पुढचं कवाड ठोकत बसू नको, मामाजीले ऐकू येत नाई अन् आतून कडी असंन. गोठ्यातून जाय. मागच्या कवाडाची खालची बिजागरी सुटेल हाये. कवाड वर उचल अन् आत लोट, निंघते." डोमाजीनं तसंच केलं. कवाड निंघालं.

ते बिजागरी तशी हाये हे मले माईत हाये, कारण मी इथं राहते. तुले कसं माईत? मंग मले आठवलं. नवीन लग्न झालं तवा तू अन् गजेंद्रभाऊ अमरावतीले सिनेमा पाहाले जात होते अन् उशिरा येत होते. पुढचं कवाड ठोकलं तर मामाजी उठतीन, म्हणून त्या मागच्या कवाडातून चोरासारखे आत शिरत होते. मी जागीच राहत होती वं! मले सगळं ऐकू येत होतं, तुहं हसूबी. पण मी कोणाले सांगतलं नाई. अन् ते बिजागरी आजपर्यंत दुरुस्त केली नाई, हे तुह्या भासऱ्याच्या आळसाचे उपकार.

डोमाजीनं मामाजीले खाटेसकट वढलं. ते त्याले शिव्या देत होते, "काहून वढतं बे, झोपू दे." गोठ्यापर्यंत आले अन् मागं जाळ झाला. कवाड उघडल्यानं हवा लागली, कापूस भडकला. बंब आला तवा माजघर गेलंच होतं. बाजूची खोली वाचली, घर वाचलं, गाय वाचली. अन् मामाजी वाचले, फक्त मिशा होरपळल्या. त्यायले माणसाले दाखवाले लाज वाटते म्हणून दुपट्टा बांधून बसेल हायेत.

तुहे भासरे वावरातून धावत आले, आंगणात मामाजीपाशी बसून त्यायले पाणी पाजलं. मंग उठून त्या काळ्या झालेल्या खोलीत गेले. ते वाटी वितळून तारेले लोंबत होती. तिच्याकडं पाहत एवढंच म्हणे, "झाकण असतं तर बाबा गेले असते." राहिलेला कापूस त्यायनं काल मुकाट विकून टाकला. भाव विचारला नाई.

प्रणाली सांजीले आली. वाटेतच दामिनीनं तिले सांगतलं होतं, तिसऱ्या नंबरनं उचलला म्हणून. आली ते आधी आबाच्या गळ्यात पडली, त्यायले इकडून तिकडून चाचपून पाह्यलं. मंग माह्यापाशी येऊन म्हणे, "आईनं उचलला?" मी म्हणलं, हो. भाकरीचा तुकडा मोडला अन् पुन्हा, "आईनंच?" मी म्हणलं, "नाई, सरपंचानं! तुही मायच वं." मंग ते जेवली नाई. खूप रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पण मांडी माही होती रागिणी, तिले तुही पायजे होती. हे मी सरळ लिहून राहिली. तुले वाईट वाटलं तर वाटू दे.

तुहे उपकार या जन्मात फिटत नाईत. मामाजी गल्लीतल्या येईल त्या माणसाले सांगतात, "लहानीनं वाचोलं मले."

आता पुढचं. या नाई, पुढच्या रविवारी पोरगी नवा सेन्सर बसवाले येते. कापूस नाई तरी मामाजी हायेत, त्यायच्या खोलीत बसवते. खरी आग लागून गेल्यावर कंपनीचा नेम असा, की तिन्ही नंबर टेस्ट केल्याबिगर काम पुरं होत नाई. तिसरा आता राहू द्या म्हणता येत नाई. सकाळच्या पारी तुह्या मोबाईलवर घंटी वाजन. भिऊ नको, आग नाई, टेस्ट हाये. वर शिडीवर तुही पोरगी राहीन.

उचल.

तुही
सत्यवतीबाई


तिवसा
रविवार, दिवस मावळाच्या आधी

रागिणी,

तुनं उचलला हे तुले माईत हाये. पण इकडं काय झालं ते तुले कोण सांगते? मीच सांगते, हात धुतल्या धुतल्या बसली लिहाले.

पोरगी सकाळीच आली. मामाजीच्या खोलीत छाताले भोक पाडलं, वाटी बसवली, पिवळं झाकण काढून तुह्या भासऱ्याच्या हातावर ठेवलं अन् म्हणे, "घ्या, हे तुमी जपून ठेवा, फक्त खाली ठेवा." त्यायनं खरंच कपाटात ठेवलं. टेस्टवर टाकाले सांगतलं, धूर सोडला, भोंगा वाजला. मामाजी खाली बसून हातानं विचारून राहिले, वाजला का? मी मान हलवली. त्यायनं टाळ्या वाजवल्या.

दामिनीनं माहा नंबर लावला, मोबाईल कमरेले खोसेल होता, वाजला. प्रणालीचा लावला, वाजला. मंग पोरगी म्हणे, "आता तिसरा लावा." अन् शिडीवरच उभी राहिली, उतरली नाई. मी म्हणलं, "उतर नं आता, काम झालं." तर म्हणे, "थांब मोठ्याई." हातात स्क्रू ड्रायव्हर, अन् घट्ट केलेलाच स्क्रू पुन्हा घट्ट करून राहिली.

वाट पाह्यली. तू काय बोलून राहिली होती एवढा वेळ, देव जाणे. मंग दामिनीचा वापस फोन आला. पोरीनं स्पीकरवर टाकून मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवला. दामिनी सांगे ते मीबी ऐकलं, जशाचं तसं लिहिते:

"मॅडम, तिसरा नंबर ओके. त्यांनी लगेच उचलला, टेस्ट आहे म्हणून सांगितलं, समजलं म्हणाल्या. पण त्यांनी एक विचारलं, मला काही कळलं नाही. त्या म्हणतात, शिडी कोणी धरली आहे? भासऱ्यांनी धरली असेल तर सत्यवतीबाईंच्या हातात द्यायला सांगा."

म्हणजे तुनं माहे पत्रं वाचले! पयलं सुद्धा!

दामिनी दोनदा म्हणे, "हॅलो मॅडम, आवाज येतोय का?" मले खालून पोरीचं तोंड दिसत नोतं, नुसत्या त्या वेड्यावाकड्या टाक्याच्या बाह्या दिसत होत्या. पण शिडी हालाले लागली. बारीक बारीक हाले. मी दोन्ही हातानं गच्च धरली, गुडघाबी टेकवला. मंग वरून आवाज आला, रडका, तरी हसतेबी:

"सांगा तिले... मोठ्याईनं धरली हाये म्हणा. दोन्ही हातानं."

दामिनीनं तुले सांगतलंच असंन. नसंन सांगतलं तर मी लिहून देते. धरली होती वं. हातात मोबाईल नोता, इकडंतिकडं पाह्यलं नाई, ते खाली उतरून जमिनीवर दोन्ही पाय टेकवेपर्यंत सोडली नाई. गजेंद्रभाऊची आण.

पण मी आता साठीले टेकली. सांजीले खांदे भरून येतात. पुढच्या महिन्याले पुन्हा टेस्ट हाये, पोरगी पुन्हा चढते. तू ये अन् धर. येताना खाकी दोरा घेऊन ये, त्या बाह्या काई मले पाहवत नाईत.

मागच्या कवाडातून येऊ नको, ते आता नवं बसवलं, उचललं तरी निंघत नाई. पुढचं उघडं ठेवते.

सत्यवतीबाई